बाळू आडवा उभा राहायचा

"बाई, बाळूनं कौसीला मारलं," असा माणिकरावांचा फोन आला तेव्हा मी हसले. हे लिहायला नको वाटतं, पण खोटं कशाला लिहू? हसलेच. मला वाटलं, लाडानं ढुशी दिली असेल आणि कौसाबाई शेणात बसली असेल. अहमदपूरच्या दवाखान्यात टेबलावर एक पोट फुगलेली शेळी होती. फोन खांद्यानं कानाशी दाबून मी म्हणाले, "लाडावून ठेवलंय तुम्ही त्याला, दुसरं काय!"  पलीकडून माणिकरावांचा श्वास ऐकू आला, आणि त्याच्यामागं बायकांचं ओरडणं. तेव्हा कुठं माझं हसू थांबलं.

दवाखाना म्हणजे जनावरांचा. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत माझी सगळी नोकरी गेली. दारावरच्या पाटीवर 'पशुधन विकास अधिकारी' असं लिहिलेलं असायचं, पण लोकांच्या तोंडी मी 'ढोराची डॉक्टरीण'. आमच्या वस्तीतली शिकून साहेब झालेली पहिली बाई मी, आणि तीही ढोरांची साहेब, म्हणून आईला आधी अभिमान वाटावा की हसावं ते कळेना. हदगावला नवी असताना एका शेतकऱ्याच्या गायीच्या पोटात मी खांद्यापर्यंत हात घालून अडलेलं वासरू फिरवत होते, आणि तो गडी बाजूला उभा राहून मला विचारत होता, "बाई, साहेब कधी येतेत?" मी म्हटलं, "साहेबांचा हात सध्या तुझ्या गायीत आहे, मोकळा झाला की नमस्कार करते."

गायी-म्हशींपर्यंत लोक हळूहळू मला मानायला लागले, पण वळूचं नाव निघालं की गाडी अडायची. बाईमाणसानं वळूजवळ जायचं नाही. वळूचं काम असलं की शेजारच्या दवाखान्यातून पुरुष डॉक्टर बोलवून आणायचे, मी खुर्चीवर बसलेली असताना. हा सल माझ्या मनात वर्षानुवर्षं होता. पुढचं सगळं त्या सलातून आलं, म्हणून आधी सांगून ठेवते.

आणखी एक गोष्ट आधी सांगायला हवी. मुखेडला असताना तेलंगणाकडून बदकांचे कळप घेऊन येणारा एक माणूस मला बारा अंडी देऊन गेला. "बाई, मी पुढं चाललो, रस्त्यात फुटतील," म्हणाला. मी ती औषधाच्या खोक्यात कापसावर ठेवून वर बल्ब लावला. एका सकाळी खोकं उघडते तर अकरा पिलं ओलीचिंब होऊन माझ्याकडं बघत होती. त्यानंतर त्यांनी मला सोडलं नाही. मी पेशंट बघायला निघाले की रांगेत अकरा पिलं मागे. एसटी स्टँडपर्यंत गेले तर स्टँडपर्यंत. आठवडी बाजारात लोक टोपल्या सोडून बघायला उभे राहायचे. एक म्हातारी म्हणाली, "एवढी लेकरं झाली, अन् आमाला कळालंच न्हाई!"

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बदकाचं, कोंबडीचं पिलू अंड्यातून निघालं की पहिल्या दिवसात जे हलताना दिसेल ते त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. ही माझी आई, आणि मी हिच्या जातीचा. मग ती आई बदक असो, कुत्रं असो की गमबूट घातलेली डॉक्टरीण. थोडा वेळच डोक्याची खिडकी उघडी असते, तेवढ्यात शिक्का बसतो, आणि पुढं तो सहजासहजी पुसत नाही. गायी-म्हशींत हे इतकं झटपट होत नाही, पण होतं. गाय व्याली की वासराला चाटते, हुंकारते. वास, आवाज, जिभेचा खरखरीतपणा, या सगळ्यातून वासराला आपण कोण ते कळतं. पुढचे काही महिने इतर वासरांशी टकरा खेळत ते आणखी पक्कं होतं. मला हे सगळं पाठ होतं. परीक्षेत यावर मार्क मिळवले होते. बाजारात बदकं घेऊन फिरताना मला त्याची फक्त गंमत वाटली.

आता बाळूची गोष्ट.

अहमदपूरपासून दहा-बारा किलोमीटरवर माणिकराव आणि कौसाबाईचं शेत. दावणीला देवणी जातीच्या चार गायी, काळ्या-पांढऱ्या, अंगानं भरलेल्या. त्यातली सगळ्यात उमदी गाय व्याली आणि तिचं रक्त थांबेना. मी पोहोचले, जेवढं करता येईल तेवढं केलं, पण गाय गेली. माझ्या हाताखाली गेली. गोऱ्हा मात्र जिवंत होता, थरथरत पडला होता. कौसाबाईनं स्वतःचं जुनं लुगडं आणून त्याला पुसायला सुरुवात केली, तोंडातला चिकट काढला, कानात फुंकर मारली. रडत रडत पुसत होती. गोऱ्ह्यानं डोळे उघडले तेव्हा त्याच्यासमोर तिचं तोंड होतं.

माणिकराव कमी बोलणारा माणूस. ते म्हणाले, "शेजारच्या गंगाधरची गाय परवाच व्याली. तिला लावू. तिच्या वासराचा वास ह्याच्या अंगाला चोळला की घेती ती. गोऱ्हा गुरात असावा, बाई."

बरोबर बोलत होते. आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या असंच करतात. पण तिथं उभ्या उभ्या माझ्या डोक्यात बदकं आली. मला वाटलं, या गोऱ्ह्याच्या डोक्यात जर माणूसच आपला म्हणून बसला, तर हा वळू कधी माणसाला मारणारच नाही. बाईमाणूस एका दोरीवर धरेल असा वळू! मग बघू कोण म्हणतं बाईनं वळूजवळ जाऊ नये. मी म्हटलं, "नाही माणिकराव, ह्याला गुरात लावू नका. घरात ठेवा, बाटलीनं पाजा. कौसाबाई, तुम्हीच पाजा. बघा कसं जनावर होतंय ते."

माणिकरावांनी डोकं खाजवलं. "तुमी शिकलेल्या हाव," म्हणाले आणि निघाले. गंगाधरच्या गायीचा चीक तांब्यात काढून आणला, बाटलीत भरला आणि कौसाबाईनं मांडीवर डोकं घेऊन गोऱ्ह्याला पाजला.

त्याचं नाव बाळू. ओसरीवर झोपायचा. कौसाबाई विहिरीवर गेली की मागं, दळणाला गेली की मागं. बचत गटाच्या बायकांची बैठक भरली की मध्ये येऊन उभा. गोठ्यातल्या गायींकडं त्याचं लक्षच नसायचं. त्यांच्याजवळ बांधला तर हंबरून गाव डोक्यावर घ्यायचा, आणि कौसाबाई ओट्यावर दिसली की गप्प. तिच्या भावकीतल्या पोरी त्याचे व्हिडिओ काढून मोबाइलवर लावायच्या. मी महिन्यातून एकदा तरी जायचे. काम नसलं तरी जायचे. माझ्या आवाजावर तो मान वर करून यायचा आणि गळ्याखालची पोळी खाजवून घ्यायचा.

अडीच वर्षांचा झाला तेव्हा तालुक्याच्या जनावरांच्या प्रदर्शनात नेला. बाकीच्या वळूंना दोन-दोन गडी, नाकात वेसण, पायात साखळी. बाळूला धरून कौसाबाई उभी, डोक्यावर पदर, हातात एकच दोरी. पहिला नंबर आला. मला स्टेजवर बोलावलं. मी माइक हातात घेऊन म्हणाले की प्रेमानं वाढवलेलं जनावर माणसाला मारत नाही, याचं उदाहरण तुमच्यासमोर उभं आहे. टाळ्या पडल्या. जे लोक मला वळूपासून लांब ठेवायचे ते पुढं बसून टाळ्या वाजवत होते. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

नंतर दोन गोष्टी झाल्या. दोन्ही मी पाहिल्या आणि दोन्हींवर हसले.

पहिली म्हणजे माजावरची गाय त्याच्यासमोर आणली तर तो तिच्याकडं ढुंकूनही बघेना. गाय उभी, गायीचा मालक घाम पुसत उभा, आणि बाळू कुंपणाबाहेरच्या बायकांकडं तोंड करून. लोक म्हणाले, "संन्यासी हाय." मी म्हटलं, लाजतोय, वेळ द्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कौसाबाई गोठ्यात शिरली की बाळू तिच्यासमोर आडवा उभा राहायला लागला. सगळी एक बाजू तिच्याकडं, पाठ कमानीसारखी, मान ताठ करून खाली, डोळा बाहेर आलेला. अंग आहे त्याच्या दीडपट दिसायचं. असा मिनिटभर उभा राहायचा, मग सोडून द्यायचा. कौसाबाई म्हणायची, "बगा बाई, पैलवान दाखवून राहिला मला." मी म्हणाले, "प्रदर्शनात शिकलाय, फोटोला उभा राहतोय." मी खरंच फोटो काढला. माझ्या मोबाइलवर तोच फोटो समोर लावला.

त्यानंतर पंधरा दिवसांत तो फोन आला.

मी स्कूटी कशी चालवली आठवत नाही. शेतात पोहोचले तेव्हा ट्रॅक्टर गोठ्याच्या दारात आडवा लावलेला होता आणि कौसाबाईला बायकांनी बाहेर ओढून काढलं होतं. सकाळी पाणी दाखवायला गेली होती. बाळू आडवा उभा राहिला. ती नेहमीसारखी हसून म्हणाली, "सर रं पैलवान," आणि त्याच्या खांद्यावर थाप मारली. त्यानं तिला भिंतीशी दाबलं, खाली पाडलं, आणि कपाळानं जमिनीवर रगडत राहिला. शिंगानं नाही, कपाळानं. माणिकराव काठ्या मारत होते, पण त्याचं लक्षच नव्हतं. मध्ये ट्रॅक्टर घातला तेव्हा बाजूला झाला. कौसाबाई शुद्धीवर होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "बाई, त्यानं मला वळीखलं न्हाई." नंतर लातूरला दवाखान्यात कळलं की कमरेचं हाड दोन जागी मोडलंय आणि चार बरगड्या गेल्यात.

गाडी तिला घेऊन गेली आणि बाळूला गुंगीचं औषध देऊन बांधायचं काम माझ्यावर राहिलं. मी औषध भरून ट्रॅक्टरवर चढले.  सवयीनं मी हाक मारली, "बाळू." तो धापा टाकत होता, कपाळाला तिच्या लुगड्याचा धागा चिकटलेला. माझा आवाज ऐकून तो ट्रॅक्टरजवळ आला, मान वर केली आणि गळ्याची पोळी माझ्यापुढं धरली. खाजव म्हणून. आयुष्यात मी खूप पाहिलं आहे, सडलेली वासरं पोटातून तुकड्यांनी काढली आहेत, पण त्या क्षणासारखी मी कधी हादरले नाही. एका हातानं खाजवलं आणि दुसऱ्या हातानं मानेत सुई मारली.

त्या संध्याकाळी घरी आले आणि कपाटातून कॉलेजचं जुनं पुस्तक काढलं. का काढलं सांगता येत नाही. कदाचित आठवत होतं आणि आठवायचं नव्हतं. जनावरांच्या वागणुकीवरच्या धड्यात अर्ध्या पानाचा मजकूर होता. नर वासराला कळपापासून तोडून एकट्या माणसाच्या हाती वाढवू नये. वयात आल्यावर तो माणसालाच आपल्या जातीचा नर समजतो आणि जसा वळू वळूला आव्हान देतो तसं माणसाला देतो. आव्हान देताना आधी आडवा उभा राहून आपलं अंग दाखवतो. गुरात वाढलेला वळू माणसाला बिचकतो, अंतर ठेवतो. हाताळून लाडका केलेला वळू जास्त धोक्याचा. त्या ओळींखाली पेन्सिलीची रेघ होती. माझीच रेघ. परीक्षेसाठी ओढलेली.

मी खाली फरशीवरच बसले. वळू वळूशीच भांडतो, ही गोष्ट शेंबड्या पोराला माहीत असते. आणि मी काय केलं होतं? वळूच्या डोक्यात कौसाबाईला वळू करून बसवलं होतं. तो तिला पंधरा दिवस सांगत होता, माझ्या वाटेतून हो. त्याच्या भाषेत अगदी रीतीनं, आधी इशारा देऊन सांगत होता. आणि आम्ही दोघी हसत होतो, फोटो काढत होतो.

तिसऱ्या दिवशी लातूरला गेले. कौसाबाई पाठीवर पडून छताकडं बघत होती. मला बघून तिनं विचारलं, "बाई, त्याला कायतरी रोग झाला आसंल ना? पिसाळलं आसंल. न्हाईतर मला वळखायचा न्हाई का वो? मांडीवर पाजला त्याला."

इथं मी सांगायला हवं होतं. सगळं ओठावर आलं होतं. पण खरं सांगायचं तर पहिलं वाक्य 'चूक माझी' असं येत होतं, आणि बाजूला माणिकराव उभे होते, ज्यांनी गोऱ्हा गुरात असावा म्हटलं होतं. मी म्हणाले, "होय, डोक्यात काहीतरी गेलं असेल. कधी कधी होतं असं." माणिकरावांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि खिडकीकडं तोंड केलं. कौसाबाईच्या डोळ्यांच्या कडेतून पाणी कानाकडं वाहत होतं. "परक्यासारखं केलं त्यानं," म्हणाली.

त्यानंतर मी दर आठवड्याला जायचे. फळं न्यायचे, डॉक्टरांशी बोलायचे, धरून चालवायचे. ती बरी होत होती, पण बोलता बोलता मध्येच थांबायची आणि तेच विचारायची. मी काय कमी केलं? कुठं चुकले? एकदा म्हणाली, "पोटच्यानं वळख सोडली तर बाईनं कुणाकडं बगावं?" मी फुलपात्र धुवायच्या निमित्तानं उठून गेले. याच दिवसांत माझी निवृत्ती झाली. निरोप समारंभात कुणीतरी प्रदर्शनातल्या त्या भाषणाची आठवण काढली. मला खुर्चीत बसवेना.

बाळूला विकता येत नव्हतं, घरी ठेवता येत नव्हतं. दूरच्या एका गोशाळेनं घेतला. दुहेरी लोखंडी कुंपण, आत गायी, आणि माणसांनी आत जायचं नाही, ही अट मी स्वतः लिहून दिली. त्या सकाळनंतर चार महिन्यांनी कौसाबाई काठीवर चालायला लागली आणि म्हणाली, "बाई, एकडाव मला त्याच्याकडं न्या."

दुपारची वेळ होती. गायी सावलीला बसल्या होत्या. बाळू त्यांच्यापासून वेगळा, फाटकाजवळ, येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांकडं तोंड करून उभा होता. कौसाबाईनं हाक मारली, "बाळू, ये रं." त्याचे कान ताठ झाले. तो चालत आला, अगदी कुंपणाला लागून, आणि तिच्यासमोर आडवा झाला. पाठ कमानीसारखी, मान खाली, डोळा बाहेर.

कौसाबाईचा चेहरा पडला. "बगा," म्हणाली. "फोटोला उभं राहिल्यावानी राहिला. मी कोण ते त्याच्या ध्यानातच न्हाई."

मग मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं, तिथंच, उन्हात उभ्या उभ्या. बदकांपासून सांगितलं. लुगड्यानं पुसलं तेव्हा त्याच्या डोक्यात काय बसलं ते, आडवं उभं राहणं म्हणजे काय ते, पुस्तकातली रेघ. माणिकराव बरोबर होते आणि मी माझ्या हौसेपायी तुमचा जीव धोक्यात घातला, असं म्हणाले. मला वाटलं, आता काठी उगारेल. उगारली असती तर बरं झालं असतं.

तिनं काठी कुंपणाला टेकवली. मग म्हणाली, "म्हंजी त्यानं मला वळीखलं व्हतं?"

"पूर्ण ओळखलं होतं."

"परकी न्हाई धरली?"

"नाही. परक्यापुढं वळू असा आडवा होत नाही. तुम्हाला आपल्यातली धरली."

तिनं पदरानं तोंड पुसलं.  माझ्याकडं वळून तिनं विचारलं, "हे तुमाला कधीपासनं ठावं हाय?"

"त्याच दिवशी संध्याकाळी कळलं."

"मंग चार महिने मला रडत कामून ठिवलं, बाई?"

कंबर मोडल्याबद्दल तिनं मला एक शब्द विचारला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. विचारलं ते एवढंच. तिनं जाळीतून हात आत घातला, त्याच्या पाठीकडं. मी तिचं मनगट धरून मागे ओढलं. तिनं ते सोडवून घेतलं नाही, पण माझ्याकडं बघितलंही नाही. ती बाळूकडं बघत होती, आणि बाळू तिच्यासमोर आडवा उभा होता.